पिवळा बाबाई

१९८५ साल होतं. ईस्टरला दहा दिवस उरले होते, आणि माझ्या थोरल्या बहिणीनं घरातला सगळ्यांत मोठा बाबाई कापला होता.

तेरेतिया स्वयंपाकाच्या छपराखाली बसली होती. समोर फळीवर तो कंद आडवा, दोन भाग झालेला. आतला गर पिवळाधमक होता, अंड्याच्या बलकासारखा. आमचे वडील, आबा, काठी टेकत आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांवर तेव्हा पडदा आला होता, माणूस ओळखायचे ते आवाजावरून. कापलेल्या कंदाचा वास मात्र त्यांनी अंगणापलीकडूनच ओळखला होता. ते खाली बसले आणि दोन्ही तळवे कापलेल्या बाजूवर ठेवले.

"कोणता आहे हा?"

तेरेतियानं सुरी बाजूला ठेवली.

"मी विचारतोय, कोणता? दक्षिणेच्या खड्ड्यातला, कोपऱ्यातला?"

"हो, आबा."

"सात वर्षं! सात वर्षं त्याला खायला घातलंय मी!"

"चार वर्षं तुम्ही," ती म्हणाली, "तीन वर्षं मी."

मी दाराशी नारळ खवत होते, माझा हात थांबला. आबांना असं उत्तर दिलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. आबांनी काठी उचलली, पण ती कुठं मारायची ते त्यांना दिसत नव्हतं. ती तशीच हवेत राहिली आणि मग खाली आली.

त्यांचा राग खोटा नव्हता. आमच्या नोनौती बेटावर गावाचं नवं सभागृह बांधून झालं होतं आणि ईस्टरला तिथं पहिलं जेवण होणार होतं. अशा जेवणात प्रत्येक घर आपला बाबाई मधोमध आणून ठेवतं. काठीला बांधून दोघांनी खांद्यावर आणावा लागेल असा असेल, तर म्हातारी मंडळी घशातून हुंकार काढतात. त्या हुंकारासाठी माणसं दहा-दहा वर्षं घालवतात. रोजच्या खाण्याचा बाबाई वेगळा, त्याला पिलं फुटतात, तो कधीही उपटावा. पण हा मानाचा. तो एकटा वाढतो, आणि घरच्या जेवणासाठी त्याला हात लावत नाहीत. आमच्याकडचा आतून पिवळा निघायचा. तसा गावात दुसऱ्या कुणाकडं नव्हता.

"कुणासाठी कापलास?" आबांनी विचारलं.

"रुतासाठी."

रुता म्हणजे आमच्या भावाची मुलगी. तानिएरा समुद्रावर गेला तो परत आलाच नाही. त्याची बायको माहेरी गेली आणि दुसरीकडं संसाराला लागली. रुता आमच्याकडंच राहिली. त्या वर्षी ती सहाची होती. ख्रिसमसपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. दिवसभर इतर पोरांसारखी पळायची, पण सूर्य पाण्याला टेकला की खांबाला पाठ लावून बसायची. हाक मारली तरी उठायची नाही. उठलीच तर पाण्याच्या बादलीत पाय, नाहीतर चुलीत. पोरं तिला 'कोंबडी' म्हणायची, कारण कोंबड्याही अंधार पडला की जागच्या हलत नाहीत. आम्हीही हसायचो. मी हसले आहे, खोटं कशाला बोलू?

फेब्रुवारीत राजधानी तारावाहून आरोग्य खात्याची एक बाई आली होती, आरोइता नावाची. जाड चष्मा, पायात बूट. जुन्या सभागृहात तिनं बायकांना जमवलं आणि पिवळ्या रंगाची एक पट्टी सगळ्यांत फिरवली. एका टोकाला जवळजवळ पांढरी, दुसऱ्या टोकाला गर्द केशरी. ती म्हणाली, "बाबाई कापलात की आतला रंग या पट्टीशी लावून बघा. जितका पिवळा, तितका पोरांच्या डोळ्यांना चांगला. ज्या पोरांना तिन्हीसांजेला दिसत नाही, त्यांना तो रोज द्या, आणि नारळाच्या दुधात द्या. दुधाशिवाय तो गुण अंगी लागत नाही."

शेजारची तोकाऊआ म्हणाली, "बाई, आम्ही खातो ते तोंडानं. रंग कशाला बघायचा, पोटात काय दिवा लावायचाय?"

सगळ्या हसल्या.

"आणि डोळ्यांना चांगलं म्हणता," तोकाऊआ थांबेना, "तर तुम्हाला नाही का कुणी दिलं लहानपणी? चष्मा केवढा जाड!"

आरोइताही हसली. "नाही ना दिलं. माझी आई दुकानातला तांदूळ खाऊ घालायची, मोठेपणा म्हणून. तुम्हीही तेच करताय. पाहुणा आला की तांदूळ, पोरगं रडलं की मैद्याची पोळी आणि साखर. आणि खड्ड्यातलं खड्ड्यात."

ते खरं होतं. तेरेतिया मागं बसली होती. ती हसली नव्हती. जाताना तिनं ती पट्टी मागून घेतली.

म्हणून तिनं तो कापला. एकदम शिजवला नाही. अर्धा ओल्या पानांत बांधून सावलीला ठेवला आणि रोज थोडा थोडा घेतला. बाबाई अळूच्याच जातीचा, नीट शिजला नाही तर घसा धरतो. घाईच्या बाईचा बाबाई जावई सुद्धा खात नाही, असं आमच्यात म्हणतात. तेरेतिया सकाळी त्याचे तुकडे मंद विस्तवावर ठेवायची आणि दुपार कलली की काढायची. मग लाकडी मुसळीनं कुटून, नारळाचं घट्ट दूध घालून, पानावर चापट थापायची. कधी किसून, पानात गुंडाळून तापल्या दगडांत पुरायची. कंद संपल्यावर खड्ड्यातल्या साध्या बाबाईतले त्यातल्या त्यात पिवळे ती पट्टी लावून निवडू लागली. पोट बिघडलेल्यांसाठी ती वाळूत उगवणारा एक कडू कंद आणायची, किसून सात पाण्यांत धुवायची, खाली बसलेल्या पांढऱ्या पिठाची खीर करायची. आरारूटासारखी लागायची ती. सात म्हणजे सातच पाणी. मी एकदा पाचांत आटोपलं तर तिनं सगळं ओतून दिलं.

ईस्टरला आमच्या घरानं सभागृहात जो बाबाई ठेवला तो मी एकटीनं काखेत धरून आणला. कुणी हुंकार काढला नाही. तोकाऊआच्या नवऱ्यानं आबांच्या कानाजवळ वाकून म्हटलं, "म्हातारबा, तुमच्या घरचा बाबाई आला असं म्हणतात, पण मला दिसत नाहीये. मलाही रातांधळेपणा आला वाटतं." आबा घरी आले आणि दोन दिवस भिंतीकडं तोंड करून निजून राहिले.

मे महिन्याच्या सुरुवातीला एकदा संध्याकाळी रुता खांबापासून उठली. अंगणात माझी कंगवी पडली होती, ती उचलून माझ्या हातात दिली आणि परत जाऊन बसली. तेरेतिया चुलीपाशी होती. तिनं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

आरोइता परत आली तेव्हा तिनं रुताला संध्याकाळी अंगणात चालायला लावलं. मग ती दोन दिवस तेरेतियाच्या चुलीपाशी बसून राहिली आणि वहीत लिहीत राहिली. किती वेळ शिजवतेस, कोणत्या पानात बांधतेस, हा कोणता, तो कोणता. निघताना तेरेतियाचे दोन्ही हात धरून म्हणाली, "तू इथं काय करतेस गं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तारावाला चल. आमच्याकडं मुलींना शिकवायला मला बाई हवीय. मी पुस्तकातलं सांगते, मुली जांभया देतात. तू चुलीपुढं बसून सांगशील तर ऐकतील. खोली मिळेल, पगार मिळेल. जानेवारीत नवा वर्ग सुरू होतोय."

तेरेतिया एकतीस वर्षांची होती. एकदा ठरून मोडलेलं होतं, नंतर कुणी विचारलं नाही. तिनं बेट कधी सोडलं नव्हतं. तारावा तिनं फक्त रेडिओवर ऐकलं होतं. त्या दिवशी ती विहिरीवर पाणी आणायला गेली आणि रिकामी बादली घेऊन परत आली.

आता अडचण सांगते. बाबाईचा खड्डा म्हणजे आमच्या पणज्यांनी वाळूत पाण्यापर्यंत खणलेली जागा. दोन पुरुष खोल, वर सगळीकडून पानांचं छत. बाबाई तिथं चिखलात उभा असतो आणि त्याच्याभोवती केवड्याच्या पानांची बिनबुडाची टोपली विणलेली असते. त्या टोपलीत वाळलेली पानं चुरून, काळ्या मातीबरोबर, थरावर थर घालायचे. पानं वाळलेलीच हवीत, हिरवी नकोत, हे शेंबडं पोरही जाणतं. हिरवं पान आत तापतं आणि कंद कुजवतं. पण कोणत्या झाडांची पानं, कोणती आधी, चंद्राच्या कोणत्या दिवशी, हे प्रत्येक घराचं आपापलं. बाप एकाच मुलाला सांगतो. दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावणंही वाईट. विचारणं तर भांडण मागणं. आणि ज्याला सांगितलं तो बेटावरच राहतो. पानं दर चंद्राला घालावी लागतात, आणि घराचं नाव त्या चिखलात उभं असतं. तानिएरा गेल्यावर आबांनी ते तेरेतियाला सांगितलं होतं.

आरोइताचं बोलावण्याचं पत्र आलं, ते आबांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाटलं, आता नाही म्हणणार. ते म्हणाले, "जा."

तेरेतियानं मान वर केली.

"जा म्हणतोय. त्या पोरीला दिसायला लागलंय, हे मलाही कळतं. मी आंधळा असलो तरी मूर्ख नाही. पण हात देऊन जा. ताबेताला शिकव. ती एक बाबाई वर्षाअखेरपर्यंत वाढवील. मी हातानं बघीन. तिच्या हाताला ते असलं, तर तू मोकळी."

ताबेता म्हणजे मी. एकोणीस वर्षांची. मला कुणी विचारलं नाही, आणि विचारायची रीतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेरेतिया मला घेऊन खड्ड्यात उतरली. वारा वरच राहिला. खाली हिरवट उजेड, डास, आणि उकळत्या भांड्यावर झाकण ठेवावं तसा उकाडा. माणसाहून उंच पानं डोक्यावर एकमेकांत अडकलेली. वर आभाळाचा एक तुकडा, चटईएवढा. तिनं ते मला कानात सांगितलं, आसपास मैलभर कुणी नसताना. ते मी इथं लिहिणार नाही.

"घाबरलीस?" तिनं विचारलं.

"तुला नाही का होत गं इथं गुदमरायला?"

"रोज होतं," ती म्हणाली. "उतरताना श्वास घ्यायचा, आणि वर गेल्यावर सोडायचा. सवय होते." मग हसली. "तुला सवय करावी लागणार नाही. तुझा नवरा येईल तुझ्या बाजूला राहायला, तो उतरेल. तू वर बसून त्याला शिव्या दे."

माझं लग्न योतेबाशी ठरलेलं होतं. बेटाच्या उत्तर टोकाचा, हसरा, गिटार वाजवणारा.

सप्टेंबरपर्यंत मी मनापासून केलं. हे मला सांगायचंय, कारण पुढचं सांगितल्यावर कुणाला वाटेल की मी पहिल्यापासूनच तशी होते. मी पानं वेचली, वाळवली, नखाएवढी चुरली, चंद्र पाहून घातली. टोपलीत हात घालून चाचपलं की आत कंद हाताला लागायचा, घट्ट, थंड, बाळाच्या टाचेसारखा. मला अभिमानही वाटायचा. तेरेतिया वरून विचारायची, "काय म्हणतोय गं तुझा पोरगा?" मी म्हणायची, "मावशीला नमस्कार सांगतोय."

सप्टेंबरात योतेबाला दूरच्या नाउरू बेटावरच्या खाणीचा कागद आला. फॉस्फेट खणायचं, कंपनीचं घर, विजेचा दिवा, दुकानात डब्यातलं मांस. जानेवारीत बोट. तो मला सांगायला सायकलवरून आला, वीस मैल.

"बायकोला नेता येतं," तो म्हणाला. "कागदावर तुझं नाव घालायचंय."

"माझ्याकडं खड्डा येतोय, योतेबा."

"खड्डा?" तो हसला. मग त्याला दिसलं की मी हसत नाहीये. "म्हणजे मी तुझ्या बापाच्या खड्ड्यात उतरून पानं चुरायची? माझ्या आईला हे कळलं तर ती उद्याच दुसरीकडं सोयरीक बघेल. ताबेता, मला आत्ता सांग. कागद या बोटीनं परत पाठवायचाय."

मी म्हटलं, "घाल नाव."

घरी मी बोलले नाही. कुणाशी बोलणार? आबांना नाही म्हणता येत नव्हतं. तेरेतियाला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, जा तू. आणि ते तिच्या तोंडून ऐकायचं मला नको होतं. ती तेव्हा संध्याकाळी बसून तारावाला न्यायची चटई विणत होती. किसणी घासून ठेवली होती, मुसळीला तेल लावलं होतं. रुताला सांगत होती, "तिथं माझ्या खोलीला खिडकी असेल बघ, काचेची."

दोघींपैकी एकीला राहायचं होतं.

ऑक्टोबरच्या चंद्राला मी खड्ड्यात उतरले, वरचा वाळलेल्या पानांचा थर बाजूला केला आणि आत हिरवी पानं कोंबली. अगदी कंदाला लागून. वर पुन्हा वाळलेली. पुढच्या चंद्रालाही तेच. तिसऱ्या वेळी टोपलीत हात घातला तेव्हा आत ऊन लागत होतं, तापलेल्या अंगासारखं. मी हात काढून घेतला आणि बराच वेळ तिथंच उभी राहिले. वरून तेरेतियानं विचारलं, "काय म्हणतोय गं?" मी म्हटलं, "झोपलाय."

ख्रिसमसनंतर तिसऱ्या दिवशी, दुपारी, आबांना धरून आम्ही खड्ड्याच्या काठावर आणलं. त्यांचे गुडघे गेले होते, खाली उतरणं होत नव्हतं. ते काठावर पाय पसरून बसले आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. कंद त्यांच्या हातांत द्यायचा होता. तारावाची बोट तीन जानेवारीला होती. योतेबाची सातला.

"तेरेतिया, तू उपट," आबा म्हणाले. "ताबेता, तू धर."

आम्ही दोघी उतरलो. तेरेतियानं टोपली सैल केली. वरचा थर हातानं बाजूला केला. मग तिचा हात थांबला.

वास वर आला. ओल्या, कुजलेल्या हिरव्या पानांचा. ओळखू येणार नाही असा तो वास नाही. आत काळीशार, चिकट झालेली पानं होती, पण नोव्हेंबरची अजून पुरती विरघळली नव्हती. त्यांच्या शिरा दिसत होत्या, देठ दिसत होते. ते हातानं खुडलेले देठ होते. गळून पडलेलं पान आणि खुडलेलं पान यांच्या देठात फरक असतो, तो तिच्याइतका कुणाला कळणार?

तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी आजवर पुष्कळ माणसांची तोंडं विसरले. नवऱ्याचा आवाजही कधीकधी आठवावा लागतो. पण ते पाहणं विसरले नाही. राग असता तर बरं झालं असतं. ती नुसतं विचारल्यासारखी पाहत होती, की हे खरंच का?

माझे ओठ हलले. "योतेबा," मी म्हटलं. आवाज निघाला नाही. "नाउरू."

"काय झालं?" वरून आबा. "वास कसला येतोय?"

एक शब्द पुरे होता. ती म्हणाली असती, आबा, हिनं मुद्दाम केलंय. आबांनी माझं लग्न मोडलं असतं, दुसरा बाबाई लावायला लावला असता, आणि आरोइता कदाचित वर्षभर थांबलीही असती. तेरेतियानं टोपलीत दोन्ही हात घातले, ती पानं मुठी भरभरून बाहेर काढली आणि पायाखाली चिखलात दाबली. एकेक मूठ. टाचेनं, खोल. चिखल मिटत होता आणि ती पुन्हा काढत होती.

"पाणी साचलंय, आबा," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा होता. "मुळाशी पाणी धरलंय. वरचा थर हिनं फार दाबून बसवला, निचरा झाला नाही. त्याचा वास."

"कंद?"

तिनं उपटला. वर अर्धा चांगला होता, खालून हाताला लगदा लागत होता. तिनं तो खालच्या पाण्यात धुतला, एकदा, दोनदा, वास जाईपर्यंत. मग माझे हात धरले आणि तेही धुतले, बोटांच्या बेचक्यांत आपली बोटं घालून, लहानपणी धुवायची तसे. मला म्हणाली, "वर नेऊन दे."

आबांनी तो चाचपला. अंगठा खालच्या बाजूला लावला, अंगठा आत गेला. त्यांनी नाकाशी नेला. मला वाटलं, संपलं. त्यांनी तो हळूच बाजूला गवतावर ठेवला, मेलेलं पाखरू ठेवावं तसा.

"हिच्या हाताला नाही ते," तेरेतिया खड्ड्यातून म्हणाली. "सगळ्यांच्या नसतं, आबा. तिला बोलू नका."

आबांनी मान हलवली. "मग तूच."

"मीच," ती म्हणाली.

ती वर आली नाही. म्हणाली, उतरलेच आहे तर बाकीच्यांना पानं घालून येते, तुम्ही व्हा पुढं. आबांना धरून मी निघाले. वाटेत ते मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. तू प्रयत्न केलास." मी रडायला लागले, आणि ते माझी समजूत घालत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर बांधलेली चटई सोडलेली होती. किसणी खिळ्याला होती. तेरेतिया बाबाईचे तुकडे विस्तवावर ठेवत होती, आणि रुता तिच्याजवळ बसून ती पिवळी पट्टी तुकड्यांना लावून बघत होती. मी जवळ जाऊन बसले. काहीतरी बोलायचं होतं.

"नारळ खवून दे," ती म्हणाली. "आणि जाड खवू नकोस. नाउरूला कुणी तुझ्या हातचं खायचं नाही अशानं."

एवढंच. पुढं तेहेतीस वर्षांत त्या गोष्टीवर ती यापेक्षा जास्त कधी बोलली नाही, आणि मीही नाही.

तारावाच्या बोटीनं तेरेतियाऐवजी पत्र गेलं. आरोइतानं आणखी एकदा लिहिलं, मग दुसऱ्या बेटावरची एक मुलगी मिळाली तिला. पुढं ती निवृत्त होऊन अबेमामा बेटावर आपल्या भावाकडं गेली आणि तिथंच वारली. तिनं चुलीपाशी बसून लिहून घेतलेलं सगळं छापून निघालं होतं म्हणतात. मी ते पाहिलेलं नाही.

आबा १९९१ साली गेले. शेवटच्या वर्षी तेरेतियानं सभागृहात जो बाबाई ठेवला त्याला तीन माणसं लागली. आबा तिथं होते, आणि त्यांनी हुंकार ऐकला.

योतेबा नाउरूला चांगला राहिला. डब्यातलं मांस, तांदूळ, साखर, गोड पेयं. चाळिशीत साखरेचा आजार जडला, आधी अंगठा कापला, मग गुडघ्यापर्यंत पाय. खाण बंद पडल्यावर आम्ही तारावातल्या बेतिओला आलो. २००४ साली तो गेला. मलाही तोच आजार आहे. दवाखान्यातली मुलगी सांगते, "आजी, भात सोडा, बाबाई खा, कंद खा, साखर हळूहळू चढते." मी हो म्हणते. बेतिओत बाबाई मिळतो तो ख्रिसमसला.

रुता न्यूझीलंडला गेली. तिथं रात्रपाळीला टॅक्सी चालवते. तिला तू खड्ड्याचं का शिकवत नाहीस, असं मी तेरेतियाला एकदा रेडिओ-फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "तिला दिसतंय ना आता? मग जाऊ दे तिला लांब."

२०१५ साली नोनौतीला समुद्र आत आला. वादळ लांबून गेलं, बेटावर नुसत्या लाटा आल्या. रात्रीतून खड्ड्यांत खारं पाणी भरलं आणि आठवड्याभरात आमच्या पाचही खड्ड्यांतली पानं लोळली. तेरेतियानं चार महिने उपसलं. मग तिचा निरोप आला, "आता येऊ शकते."

ती एकसष्ट वर्षांची होती. धक्क्यावर उतरली तेव्हा हातात एक चटई होती, बस्स. माझ्या घराला काचेची खिडकी आहे. तिनं ती उघडली, लावली, पुन्हा उघडली. आरोइता शिकवायची त्या शिक्षण-केंद्राकडं नेऊ का, असं मी विचारलं. म्हणाली, "कशाला? तिथं कुणाला ओळखते मी?"

तीन वर्षं ती माझ्याकडं होती. बेतिओत घरं एकमेकांना चिकटलेली, झाडं मोजकी, खड्डा खणायला जागा नाही आणि खाली पाणी गोडं नाही. पण ती पहाटे उठून गल्लीतून फिरायची आणि लोकांच्या दारातली गळलेली पानं वेचून आणायची. वाळवायची. मग मागल्या अंगणात बसून नखाएवढी चुरायची. मी एकदा म्हटलं, "काय करणार याचं?" ती म्हणाली, "काही नाही गं. हाताला चाळा."

२०१८ साली ती गेली. पत्र्याच्या भिंतीला लागून तिचे ढीग अजून तसेच आहेत. चार झाडांची पानं, चार ढीग, एकापुढं एक, ज्या क्रमानं घालायची त्या क्रमानं. बेटावर असती तर तिनं ते चटयांखाली झाकले असते. इथं ते उघड्यावर आहेत. पोरं त्यांच्यावरून उड्या मारतात, आणि शेजारीण दर महिन्याला विचारते, "ताबेता, हा कचरा जाळून टाकू का?"